बिल्डिंग पास का नापास?

काँक्रीटच्या चाचणीला सुरुवात होते ती छिन्नी-हातोडीने, यंत्रं नंतर बाहेर येतात. नाशिकच्या गंगापूर रोडलगतच्या एका सोसायटीत हे काम मी जवळ उभं राहून पाहिलं. इमारत १९८० च्या दशकातली, खाली पार्किंग, वर चार मजले. इंजिनिअर आधी पार्किंगमधला एकेक कॉलम हातोडीने हलकेच ठोकत गेले. गिलावा घट्ट धरून असेल तिथे आवाज खणखणीत येतो, सुटला असेल तिथे बद्द. बद्द वाजलेल्या जागी खडूने गोल काढायचा. मग चाचणीसाठी ठरवलेल्या जागांवरचा गिलावा बिगाऱ्याने वीत-दीड वीत काढून टाकला, आतलं काँक्रीट उघडं केलं आणि घासदगडाने घासून गुळगुळीत केलं. एवढं होईपर्यंत अर्धा दिवस गेला. सोसायटीतल्या एका काकांना तो वेळ वाया गेल्यासारखा वाटत होता, पण खरी चाचणी याच अर्ध्या दिवसावर उभी असते. गिलावा न काढता कुणी हॅमर मारत असेल, तर तो गिलाव्याची चाचणी करतोय, कॉलमची नाही.

नाशिक महापालिका १९८२ साली स्थापन झाली. शहर वाड्यांमधून बाहेर पडून आरसीसीच्या इमारतींमध्ये राहायला लागलं ते साधारण याच सुमारास. त्या पिढीच्या इमारती आता चाळिशी ओलांडताहेत. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाचं कलम २६५-अ सांगतं, की इमारतीला ३० वर्षं झाली की महापालिकेकडे नोंदणी असलेल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तिची तपासणी करून घ्यायची आणि ती स्थिर असल्याचा दाखला द्यायचा. कायद्याला दाखला हवा असतो. पण माणसं राहतात त्या इमारतीला दाखल्यामागची तपासणी हवी असते, आणि या दोन गोष्टींत फार मोठं अंतर पडू शकतं.

त्या काळचं काँक्रीट कसं होतं हेही आधी ध्यानात घ्यायला हवं. सिमेंट सरकारी नियंत्रणाखाली होतं, परमिटवर मिळायचं. सिमेंटच्या वाटपावरूनच जानेवारी १९८२ मध्ये अ. र. अंतुले यांना मुख्यमंत्रिपद सोडावं लागलं. पुढच्याच महिन्यात नियंत्रण अंशतः उठलं, पूर्ण उठायला १९८९ उजाडलं. साइटवर एक भाग सिमेंट, दोन भाग वाळू, चार भाग खडी असं प्रमाण घमेल्याने मोजून माल कालवला जायचा. कागदावर याला एम-१५ म्हणायचे, म्हणजे २८ दिवसांनी १५० मिलीमीटरच्या ठोकळ्याने दर चौरस मिलीमीटरला १५ न्यूटन दाब सोसायला हवा. आज आरसीसीसाठी किमान एम-२० लागतं. प्रत्यक्षात त्या कॉलममध्ये काय पडलं, पाणी किती घातलं, व्हायब्रेटर फिरला का नुसती सळई खुपसली, याची नोंद कुणाकडेच नाही. आता ते कॉलमकडूनच काढून घ्यायचं आहे, आणि तेही कॉलम न फोडता.

रिबाउंड हॅमर हे दिसायला जाडसर टॉर्चसारखं यंत्र. स्वित्झर्लंडच्या अर्न्स्ट श्मिट यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस ते बनवलं, म्हणून त्याला श्मिट हॅमरही म्हणतात. टोकाचा दांडा काँक्रीटवर काटकोनात टेकवून हळूहळू दाबत न्यायचा. आत स्प्रिंग ताणली जाते, एका क्षणी सुटते आणि पोलादी वजन दांड्यावर आदळून मागे उडतं. किती मागे उडालं ते बाजूच्या पट्टीवर दिसतं. पृष्ठभाग जितका कठीण तितकी उसळी जास्त. सुरू करण्याआधी इंजिनिअरनी हॅमर एका जड पोलादी ऐरणीवर मारून पाहिला. ऐरणीवर ठरलेला आकडा आला नाही तर त्या दिवशी तो हॅमर पेटीतच ठेवायचा.

पहिल्या कॉलमवर एका जागी सहा ठोके मारले. आकडे आले ३८, ४०, ५१, ३७, ३९, ४१. त्यातला ५१ बाद केला. दांडा नेमका पृष्ठभागाजवळच्या खडीवर बसला होता, आणि आपली खडी म्हणजे सह्याद्रीचा काळा बेसॉल्ट, तो उसळी देणारच. उरलेल्या पाचांची सरासरी ३९. हॅमरसोबतच्या आलेखावर ३९ पाहिला तर ताकद चाळीस न्यूटनच्या जवळ जाते. सोसायटीचे सेक्रेटरी शेजारीच उभे होते. त्यांचा चेहरा खुलला. पंधराच्या काँक्रीटमधून चाळीस निघाले, आणखी काय हवं?

इंजिनिअरच्या कपाळाला मात्र आठी पडली. काँक्रीटची ताकद काळानुसार थोडी वाढते हे खरं, पण पंधराचे चाळीस होत नाहीत. त्यांनी त्याच जागेशेजारी छिन्नीने छोटा टवका उडवला, ब्रशने धूळ झाडली आणि ताज्या खाचेवर फिनॉल्फ्थॅलीनचं द्रावण फवारलं. आतला भाग क्षणात गडद गुलाबी झाला. बाहेरचा पट्टा राखाडीच राहिला. पट्टी लावली तर तो राखाडी पट्टा २५ मिलीमीटरचा भरला.

इथे कॉलमची खरी गोष्ट सुरू होते. ताजं काँक्रीट अतिशय अल्कधर्मी असतं, त्याचा पीएच साडेबाराच्या वर असतो. त्या अल्कधर्मामुळे सळईवर एक संरक्षक थर बसतो आणि ती गंजत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत झिरपतो, सिमेंटमधल्या चुन्याशी मिसळून कॅल्शियम कार्बोनेट तयार करतो आणि अल्कधर्म उतरत जातो. याला कार्बोनेशन म्हणतात. जिथे तो उतरला तिथे फिनॉल्फ्थॅलीन गुलाबी होत नाही. गंमत अशी, की या क्रियेने काँक्रीटची कातडी कठीण होते. हॅमरला ती कातडीच लागते, म्हणून त्याचा आकडा वाढतो. हॅमरच्या १९९२ सालच्या भारतीय मानकाने, १३३११ च्या दुसऱ्या भागाने, सांगितलं होतं की कार्बोनेशन झालेल्या काँक्रीटची ताकद हॅमर ५० टक्क्यांपर्यंत जास्त दाखवू शकतो. एरवीसुद्धा त्याच्या अंदाजात २५ टक्के इकडेतिकडे धरायचेच. आणि पृष्ठभाग ओला असेल तर उलट होतं, आकडा साधारण २० टक्क्यांनी कमी येतो. म्हणजे श्रावणात भिजलेल्या बाहेरच्या कॉलमचे आणि एप्रिलमध्ये कोरड्या पार्किंगमधल्या कॉलमचे आकडे शेजारी ठेवून तुलना करणं चूक आहे.

मग कव्हर मीटर फिरवला. सळई काँक्रीटच्या किती आत आहे ते हे यंत्र चुंबकीय क्षेत्रावरून सांगतं. त्या जागी सळई २० मिलीमीटर आत होती. कार्बोनेशन २५ पर्यंत पोचलेलं. म्हणजे सळईभोवतीचं संरक्षण संपलं होतं, आता नुसती ओल मिळायचा अवकाश. ज्या आकड्याने सेक्रेटरींचा चेहरा खुलला, तो मोठा येण्यामागे आणि सळईवरच्या धोक्यामागे कारण एकच होतं. हॅमर खोटं बोलला नव्हता. त्याला जेवढं ठाऊक होतं तेवढंच, वरच्या तीनेक सेंटिमीटरचं, त्याने सांगितलं.

आतलं सांगायला अल्ट्रासॉनिक लागतं. हीही १९४० च्याच दशकातली पद्धत, कॅनडा आणि इंग्लंडमध्ये विकसित झालेली. कॉलमच्या समोरासमोरच्या बाजूंवर दोन जाड डब्यांसारखे ट्रान्सड्युसर धरायचे. मध्ये हवा राहिली तर लहर पोचतच नाही, म्हणून दोन्ही ठिकाणी ग्रीस चोपडायचं. एकीकडून लहर सुटते, दुसरीकडे पोचते, आणि लागलेला वेळ यंत्र मायक्रोसेकंदात दाखवतं. काँक्रीट एकजीव असेल तर लहर सरळ जाते. आत पोकळी, भेग किंवा मधमाशांच्या पोळ्यासारखी सुटी खडी असेल तर तिला वळसा पडतो आणि वेळ वाढतो.

हा कॉलम २३० मिलीमीटर जाडीचा, भिंतीत लपावा म्हणून नऊ इंची विटेच्या मापाने केलेला, आपल्याकडे सर्रास असतो तसा. छातीच्या उंचीवर वेळ आला ५८ मायक्रोसेकंद. भागाकार केला तर सेकंदाला ३.९७ किलोमीटर. १९९२ च्या मानकाप्रमाणे साडेतीन ते साडेचारमधलं काँक्रीट चांगलं धरलं जायचं, तीनच्या खालचं संशयास्पद. (१३३११ मधल्या या चाचण्या पुढे भारतीय मानक ५१६ मध्ये घेतल्या गेल्या.) मग मदतनीस खाली बसला आणि ट्रान्सड्युसर कॉलमच्या पायाशी, फरशीपासून वीतभर उंचीवर धरले. ८२ मायक्रोसेकंद. पुन्हा ग्रीस लावून पाहिलं. पुन्हा ८२. म्हणजे २.८०. एकाच कॉलममध्ये दीड मीटरच्या अंतरात चांगलं आणि संशयास्पद अशी दोन काँक्रीटं निघाली. कारणही अनुभवी माणसाला कळण्यासारखं होतं. वरून ओतलेला माल खाली पडताना खडी आणि लगदा वेगळे होतात, आणि पायाशी फळ्यांच्या फटीतून सिमेंटचं पाणी निसटून जातं. चाळीस वर्षं ती जागा गिलाव्याआड होती. शिवाय याच कॉलमला टेकून गाड्या धुवायचा नळ होता.

अल्ट्रासॉनिकलाही मर्यादा आहेत. पोलादातून लहर काँक्रीटपेक्षा बरीच जोरात जाते, त्यामुळे सळईच्या रेषेत यंत्र धरलं तर खराब काँक्रीटही चांगलं दिसतं. ओल असली तरी वेग वाढतो. आणि वेगावरून ताकदीचा आकडा थेट निघत नाही, एकजीवपणा कळतो. म्हणून काही जागी कोअर काढावा लागतो. हिऱ्याच्या कडेचा पोकळ ड्रिल फिरवून काँक्रीटचा दंडगोल बाहेर काढायचा आणि प्रयोगशाळेत दाबून फोडायचा. कोअर काढायच्या जागी आधी हॅमर आणि अल्ट्रासॉनिकचे आकडे घेतले, तर त्या इमारतीपुरता तिन्हींचा मेळ बसतो आणि उरलेल्या कॉलमचे आकडे वाचता येतात. भारतीय मानक ४५६ प्रमाणे किमान तीन कोअर हवेत. त्यांची सरासरी अपेक्षित ताकदीच्या ८५ टक्के भरायला हवी आणि एकही कोअर ७५ टक्क्यांखाली जाता कामा नये. नऊ इंची कॉलमला भोक पाडणं जोखमीचं असतं, म्हणून जागा सळया टाळून, विचार करूनच निवडायची.

नाशिकला हा विषय परका नाही. दिंडोरी रोडवरची महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था, जिला सगळं शहर मेरी म्हणून ओळखतं, १९५९ पासून धरणांच्या आणि इतर सार्वजनिक कामांच्या साहित्याची परीक्षा करत आली आहे. धरणाच्या काँक्रीटबाबत जी शिस्त आपण गृहीत धरतो, ती आपण झोपतो त्या स्लॅबबाबत मात्र खर्च वाटते. २०२० साली २४ ऑगस्टला महाडची तारिक गार्डन कोसळून १६ माणसं गेली, आणि महिना व्हायच्या आत, २१ सप्टेंबरला, भिवंडीची जिलानी इमारत कोसळून किमान ३८. भिवंडीची इमारत १९८० च्या दशकातली होती, महाडची मात्र जेमतेम दहा वर्षांची. तेव्हा वयावरून इमारतीची पारख होत नाही, ती तपासावीच लागते.

अहवाल आल्यावर सोसायटीची सभा भरली आणि खजिनदारांनी सगळ्यांच्या मनातला प्रश्न विचारला. "साहेब, बिल्डिंग पास का नापास?" इंजिनिअरनी पास म्हटलं नाही आणि नापासही नाही. पार्किंगमधल्या कुठल्या कॉलमच्या पायाशी सुटी खडी आहे, तिथे टेकू देऊन, सुटा भाग काढून ग्राउट कसं भरायचं, त्यानंतर त्याच जागी पुन्हा अल्ट्रासॉनिक घेऊन वेळ किती उतरला ते कसं बघायचं, कुठल्या सळया गंजायच्या बेतात आहेत, हे त्यांनी नकाशावर बोट ठेवून सांगितलं. धुण्याचा नळ त्याच आठवड्यात हलवायला लावला. गच्चीची गळती थांबवल्याशिवाय खालच्या स्लॅबवर पैसा घालू नका, असंही बजावलं. "पास" या एका शब्दापेक्षा हे उत्तर सोसायटीच्या कितीतरी जास्त कामाचं होतं.

माझं सोसायट्यांना कळकळीचं सांगणं एवढंच आहे, की दाखल्यावर समाधान मानू नका. चाचणीच्या जागा दाखवणारा नकाशा मागा. सरासरी नको, प्रत्येक ठोक्याचा आकडा मागा. गिलावा काढला होता का, हॅमर ऐरणीवर तपासला होता का, कार्बोनेशन किती खोल आहे आणि सळई किती आत, हे विचारा. फक्त हॅमरच्या भरवशावर ताकदीचा आकडा लिहिलेला अहवाल आला तर तो परत करा. आणि हे सगळे कागद सोसायटीच्या दप्तरात जपून ठेवा. काही वर्षांनी पुढची तपासणी होईल तेव्हा त्याच कॉलमच्या पायाशी यंत्र लागेल आणि नवा आकडा येईल. आजचे ८२ मायक्रोसेकंद कुठे तरी लिहिलेले असतील, तरच दुरुस्ती टिकली का कॉलम आणखी खचतोय, हे तेव्हाच्या इंजिनिअरला सांगता येईल.