प्राथमिक आरोग्य केंद्रांसाठी आपत्कालीन व्यवस्थापन आराखडा : स्वरूप, घटक आणि अंमलबजावणी

सारांश :
ग्रामीण महाराष्ट्रात पूर, दरड, भूकंप किंवा साथरोग यांपैकी कोणतीही आपत्ती ओढवली, तरी बाधित लोकांचा पहिला संबंध येतो तो जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राशी. मात्र त्याच वेळी हे केंद्र स्वतःही आपत्तीच्या कचाट्यात सापडलेले असते. प्रस्तुत लेखात अशा केंद्राचा आपत्कालीन व्यवस्थापन आराखडा कसा तयार करावा, त्यात कोणते घटक असावेत आणि तो उपयुक्त ठरण्यासाठी कोणत्या बाबींची पूर्तता आवश्यक आहे, याचे विवेचन केले आहे. जखमींवरील उपचारांइतकेच दैनंदिन सेवांच्या सातत्याला आराखड्यात स्थान मिळाले पाहिजे, हा या विवेचनाचा मुख्य मुद्दा आहे.

बीजसंज्ञा : आपत्ती व्यवस्थापन, प्राथमिक आरोग्य केंद्र, पूर्वतयारी, सेवासातत्य, रंगीत तालीम

प्रस्तावना :
३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला आणि हजारो लोक मृत्युमुखी पडले. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली; पाणी ओसरल्यानंतरच्या काळात शहरात लेप्टोस्पायरोसिसची साथ उद्भवली. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा आणि पंचगंगा या नद्यांच्या महापुराने सांगली व कोल्हापूर जिल्ह्यांतील अनेक गावांना वेढा दिला आणि पुणे-बंगळुरू महामार्ग काही दिवस बंद राहिला. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळीये गावावर दरड कोसळली आणि त्याच सुमारास चिपळूण शहर पाण्याखाली गेले.

या घटनांची कारणे वेगवेगळी असली तरी आरोग्यसेवेच्या दृष्टीने त्यांत एक साम्य आढळते. आपत्तीमुळे सेवेची मागणी अचानक वाढते आणि नेमक्या त्याच वेळी सेवा पुरविण्याची क्षमता घटते. रस्ता बंद होतो, वीज खंडित होते, दूरध्वनी लागत नाही आणि कर्मचाऱ्यांची स्वतःची घरेही बाधित झालेली असतात. मोठ्या रुग्णालयाकडे मनुष्यबळाचा काही राखीव साठा असतो. चार ते सहा खाटांच्या प्राथमिक आरोग्य केंद्राकडे तो नसतो. म्हणूनच लहान केंद्राला पूर्वनियोजनाची गरज मोठ्या रुग्णालयापेक्षा अधिक असते.

कायदेशीर व संस्थात्मक आधार :
आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ अन्वये राष्ट्रीय, राज्य व जिल्हा अशा तीन स्तरांवर प्राधिकरणे स्थापन करण्याची तरतूद झाली. कलम ३१ मध्ये जिल्हा आराखड्याची तरतूद आहे. कलम ३२ नुसार जिल्हा स्तरावरील शासकीय कार्यालये व स्थानिक प्राधिकरणे यांनीही आपापले आराखडे तयार करावयाचे असतात. प्राथमिक आरोग्य केंद्रे जिल्हा परिषदेच्या अखत्यारीत येत असल्याने त्यांचा आराखडा हा या साखळीतील शेवटचा, परंतु लोकांना सर्वांत जवळचा दुवा ठरतो. जागतिक आरोग्य संघटनेनेही २००९ च्या जागतिक आरोग्य दिनासाठी आपत्काळात रुग्णालये सुरक्षित राखण्याचा विषय निवडला होता.

सर्वसाधारण निकषांनुसार सपाट प्रदेशात ३०,००० आणि डोंगरी व आदिवासी भागात २०,००० लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असते. उपकेंद्रासाठी हेच प्रमाण अनुक्रमे ५,००० व ३,००० आहे. आराखडा केवळ केंद्राच्या इमारतीपुरता न राहता उपकेंद्रे, आशा कार्यकर्त्या आणि संदर्भसेवा देणारे ग्रामीण रुग्णालय या सर्वांना सामावून घेणारा असावा.

धोक्यांचे मूल्यमापन :
आराखड्याचा पहिला टप्पा म्हणजे कार्यक्षेत्रातील धोक्यांची यादी व त्यांचा अग्रक्रम ठरविणे. घटनेची शक्यता, सेवेवरील परिणाम आणि सध्याच्या तयारीतील उणीव या तीन निकषांवर प्रत्येक धोक्याला १ ते ३ गुण देऊन त्यांचा गुणाकार करावा. उदाहरणार्थ, नदीकाठच्या केंद्राने पुराला ३, ३ व २ असे गुण दिल्यास गुणाकार १८ येतो. आगीला १, ३ व ३ असे दिल्यास ९ येतो. हे आकडे अचूक मापन नसून चर्चेचे साधन आहेत. त्यांच्या आधारे वैद्यकीय अधिकारी, आरोग्य सेविका, औषध निर्माण अधिकारी आणि परिचर एकत्र बसून निर्णय घेऊ शकतात.

मूल्यमापनात दोन गोष्टींकडे सहसा दुर्लक्ष होते. पहिली, इमारत सुरक्षित असणे म्हणजे सेवा सुरक्षित असणे नव्हे. गडचिरोली जिल्ह्यातील भामरागड तालुक्याचा संपर्क पर्लकोटा नदीच्या पुरामुळे पावसाळ्यात वारंवार तुटतो. तेथे खरा प्रश्न रस्त्याचा असतो. दुसरी, धोका इमारतीच्या आतही असू शकतो. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडारा येथील जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षात आग लागून दहा बालके दगावली. विद्युत जोडण्यांची तपासणी, अग्निशामक नळकांड्यांची मुदत आणि बाहेर पडण्याचा मोकळा मार्ग या बाबी प्रत्येक केंद्राच्या यादीत असणे अत्यावश्यक आहे.

आराखड्याचे प्रमुख घटक :

१) जबाबदारीची साखळी : जबाबदारी व्यक्तीच्या नावाने न देता पदनिहाय द्यावी आणि प्रत्येक कामासाठी दोन पर्यायी कर्मचारी निश्चित करावेत. कर्मचाऱ्यांची यादी सेवाज्येष्ठतेऐवजी निवासस्थानानुसार केल्यास ती अधिक उपयोगी पडते. पूल पाण्याखाली गेल्यावर नदीच्या कोणत्या काठावर कोण राहते, यावरच केंद्र उघडणार की नाही हे ठरते. वैद्यकीय अधिकारी पोहोचू शकले नाहीत, तर सर्वप्रथम येणाऱ्या कर्मचाऱ्याने पहिल्या तासात काय करावे, हे एका पानावर लिहून भिंतीवर लावावे.

२) सेवासातत्य : आपत्ती आली म्हणून प्रसूती थांबत नाहीत. ३०,००० लोकसंख्येत दर हजारी १५ जन्म धरल्यास वर्षाला सुमारे ४५० प्रसूती होतात. म्हणजे दहा दिवस संपर्क तुटल्यास त्या काळात साधारण बारा प्रसूती अपेक्षित असतात. साधारण १५ टक्के प्रसूतींत गुंतागुंत संभवते असे मानले, तर त्यांतील एक-दोन स्त्रियांना उच्चस्तरीय उपचारांची गरज भासेल. या स्त्रियांची नावे व प्रसूतीच्या अपेक्षित तारखा नोंदवहीत आधीच असतात. त्यांची गावनिहाय यादी पावसाळ्यापूर्वी काढणे एवढेच काम उरते. आदिवासी भागातील ‘माहेरघर’ योजनेत गर्भवती स्त्रीला प्रसूतीच्या काही दिवस आधी आरोग्य केंद्राजवळ आणून ठेवण्याची सोय आहे. हेच तत्त्व पूरप्रवण भागातही लागू करता येते.

क्षयरोगाचे रुग्ण, इन्सुलिन घेणारे मधुमेही, डायलिसिसवरील रुग्ण, सिकलसेलग्रस्त आणि अंथरुणाला खिळलेले वृद्ध यांच्या याद्याही अशाच तयार असाव्यात. पूर येण्यापूर्वी या रुग्णांकडे औषधांचा जादा साठा पोहोचविणे, हे पुरातून होडीने औषधे नेण्यापेक्षा कितीतरी सोपे असते.

३) शीतसाखळी व वीज : लस २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावी लागते. वीज गेल्यावर आयएलआरचे झाकण अनावश्यक उघडू नये, तापमानाची नोंद सुरू ठेवावी आणि तापमान वाढू लागल्यास लस कोल्ड बॉक्समध्ये हलवावी. पेंटाव्हॅलंट, हिपॅटायटिस-बी यांसारख्या लसी गोठल्यास निकामी होतात. त्यामुळे कडक गोठलेल्या आइसपॅकला त्यांच्या कुप्या थेट टेकणार नाहीत याची दक्षता घ्यावी. जनित्र उंच चौथऱ्यावर बसवावे आणि डिझेलचा साठा किती तास पुरेल हे आराखड्यात नमूद करावे.

४) औषधे व पाणी : साठा ‘पुरेसा’ आहे, अशी नोंद निरर्थक ठरते, तो किती रुग्णांना पुरेल हे लिहिले पाहिजे. पुरात बिळांतील साप कोरड्या जागेकडे, म्हणजे घरांकडे व निवारा छावण्यांकडे येतात. विषारी सर्पदंशाच्या एका रुग्णाला प्रतिसर्पविषाच्या सुरुवातीलाच ८ ते १० कुप्या लागतात. याचा अर्थ २० कुप्यांचा साठा फार तर दोन रुग्णांपुरता असतो. क्षारसंजीवनी, झिंक, जखमांसाठीचे साहित्य आणि लेप्टोस्पायरोसिस प्रतिबंधासाठी डॉक्सीसायक्लिन यांचाही असाच हिशेब मांडावा. पिण्याच्या पाण्यात टीसीएल पावडर टाकल्यानंतर एक तासाने मुक्त क्लोरीनचे प्रमाण लिटरमागे किमान ०.५ मिलिग्रॅम राहते की नाही, हे तपासण्याची जबाबदारी नेमून द्यावी.

५) जखमींचे वर्गीकरण व संदर्भसेवा : एकाच वेळी अनेक जखमी आल्यास लाल, पिवळा, हिरवा व काळा या चार रंगांनी उपचारांचा अग्रक्रम ठरवितात. किरकोळ जखमी स्वतःच्या पायांनी सर्वांत आधी केंद्रात पोहोचतात आणि गंभीर जखमी मागाहून आणले जातात, असा सर्वत्र अनुभव आहे. हिरव्या गटासाठी व्हरांड्यात किंवा शेजारच्या शाळेत स्वतंत्र जागा न ठेवल्यास उपचार कक्ष आधीच भरून जातो. रक्तस्राव थांबविणे, श्वसनमार्ग मोकळा ठेवणे, शिरेवाटे द्रव देणे आणि रुग्णाला सुरक्षितपणे पुढे पाठविणे, ही केंद्राची मर्यादित पण निर्णायक भूमिका होय. २०१४ पासून राज्यात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा उपलब्ध आहे; तथापि रस्ता बंद असल्यास पर्यायी मार्ग कोणता आणि होडी किंवा ट्रॅक्टर कोणाकडे आहे, याची नोंद स्थानिक पातळीवरच होऊ शकते.

६) संपर्क व माहिती : तालुका आरोग्य अधिकारी, तहसीलदार, पोलीस पाटील, सरपंच, महावितरण व आशा गटप्रवर्तक यांचे क्रमांक छापील स्वरूपात असावेत, केवळ भ्रमणध्वनीत साठविलेली यादी बॅटरी संपताच निरुपयोगी होते. दर तीन महिन्यांनी क्रमांक पडताळून पाहावेत.

आपत्तीनंतरचा काळ :
पाणी ओसरल्यावर मदतीचा ओघ आटतो, परंतु आरोग्य केंद्राचे काम त्या वेळी वाढते. अतिसार, कावीळ आणि लेप्टोस्पायरोसिस यांचे रुग्ण पुढील काही दिवसांत व आठवड्यांत दिसू लागतात. साचलेल्या पाण्यात डासांची पैदास होऊन डेंग्यू व हिवताप वाढतो. ताप व जुलाबाच्या रुग्णांची दैनंदिन गावनिहाय नोंद ठेवल्यास साथीची चाहूल लवकर लागते. घर, जनावरे किंवा जिवलग गमावलेल्यांना मानसिक आधाराचीही गरज असते. या गरजूंमध्ये आरोग्य कर्मचारीही येतात, याचा आराखड्यात उल्लेख असावा.

अंमलबजावणीतील अडचणी व उपाय :
रिक्त पदे, अहवालांचा वाढता भार आणि निधीची मर्यादा या खऱ्या अडचणी आहेत. त्यांतूनच दुसऱ्या केंद्राचा आराखडा उतरवून घेऊन नस्तीला लावण्याची प्रवृत्ती बळावते. असा आराखडा तपासणीपुरता उपयोगी पडतो. रात्री दोन वाजता पाणी चढू लागल्यावर त्याचा काहीच उपयोग होत नाही. यावर उपाय म्हणजे आराखडा आटोपशीर ठेवणे, तो कर्मचाऱ्यांनी स्वतः लिहिणे आणि दरवर्षी मे महिन्यात त्याची रंगीत तालीम घेणे. तालमीसाठी खर्च लागतोच असे नाही. वीज नाही, वाहन नाही आणि वैद्यकीय अधिकारी उपस्थित नाहीत, असे गृहीत धरून दोन तास काम केल्यास उणिवा आपोआप उघड होतात. त्या नोंदवून रुग्ण कल्याण समितीपुढे ठेवाव्यात.

या कामी ग्रामीण महाविद्यालयांचे साहाय्य मोलाचे ठरू शकते. भूगोल विभाग पूररेषा व पर्यायी रस्त्यांचे नकाशे तयार करू शकतो. समाजशास्त्राचे विद्यार्थी एकाकी वृद्ध व दिव्यांग व्यक्तींचे सर्वेक्षण करू शकतात, तर राष्ट्रीय सेवा योजनेचे स्वयंसेवक रंगीत तालमीत रुग्णांची भूमिका करू शकतात. उंचावर असलेली महाविद्यालयाची इमारत पर्यायी उपचार केंद्र म्हणून आधीच निश्चित करता येते. प्राध्यापकांच्या दृष्टीने हा विस्तारकार्याचा, तसेच आंतरविद्याशाखीय अभ्यासाचाही विषय आहे.

निष्कर्ष :
प्राथमिक आरोग्य केंद्राचा आपत्कालीन आराखडा महागड्या साधनांपेक्षा आधीच उपलब्ध असलेल्या माहितीच्या सुयोग्य मांडणीवर उभा राहतो. गर्भवतींची नोंदवही, औषधांचा साठा, कर्मचाऱ्यांचे पत्ते आणि गावाचा नकाशा या चार गोष्टी एकत्र वाचल्या, तर आराखड्याचा बराचसा भाग तयार होतो. आपत्तीत किती जखमींवर उपचार झाले, यासोबतच त्या दहा दिवसांत अपेक्षित असलेल्या बारा प्रसूती सुखरूप झाल्या का आणि क्षयरुग्णाची औषधे खंडित झाली का, या प्रश्नांच्या उत्तरांवरूनही आराखड्याचे मूल्यमापन व्हावे. ही उत्तरे समाधानकारक यावीत यासाठीचे काम पावसाळ्यापूर्वीच पूर्ण होणे गरजेचे आहे.