परतीची हवा

उजनी धरणाच्या काठच्या गावांत उन्हाळा लागला की ख्यालीखुशालीच्या आधी धरण विचारतात. ‘किती आहे?’ ‘मायनस वीस.’ एवढ्यावरून ऐकणाऱ्याला उसाचं काय होणार, मोटार अजून किती पुढे न्यावी लागणार, केबल किती कमी पडणार, सगळं उमगतं. धरणाचा एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी, त्यातला जवळपास ६४ टीएमसी मृतसाठा. म्हणजे निम्म्याहून अधिक पाणी डोळ्यांना दिसतं, पण हिशेबात धरायचं नसतं; पातळी त्यात उतरली की आकडा उणे होतो. २०२४ च्या उन्हाळ्यात धरण उणे पन्नास टक्क्यांच्याही खाली गेलं आणि पळसदेवचं पळसनाथाचं जुनं मंदिर उघडं पडलं.

दिसतंय तेवढं सगळं खर्चायचं नाही, हे इथल्या माणसाला धरणानं शिकवलं. पाण्याखालच्या गुहांत स्कूटर घेऊन शिरणाऱ्या पाणबुड्यांना हेच शिकवायला एक वेगळा अभ्यासक्रम आहे. या लेखात ओळख करून द्यायची आहे ती त्या स्कूटरची आणि त्या अभ्यासक्रमाची.

स्कूटर म्हटल्यावर चाकं आणि सीट डोळ्यांपुढे आणू नका. ही एक लांबट नळी असते. पुढच्या भागात बॅटरी, मागे मोटार, शेवटी संरक्षक कड्यात फिरणारा पंखा. पाणबुड्या तिच्यावर बसत नाही, तिच्यामागे ओढला जातो. ही ओढ हातांवर आली तर थोड्याच वेळात खांदे भरून येतात. म्हणून स्कूटरला एक दोरी असते आणि ती पाणबुड्याच्या कमरेखालच्या पट्ट्यावरच्या कडीत अडकवतात. यंत्र शरीराला ओढतं, हात फक्त दिशा देतो आणि बोट खटक्यावर राहतं. बोट सुटलं की पंखा थांबला पाहिजे, ही पहिली अट. पाण्यात स्कूटर वर तरंगू नये आणि खालीही जाऊ नये, असं तिचं वजन आधी जुळवून घेतात. नाहीतर सगळा वेळ तिला सावरण्यातच जातो.

तिची भावकी युद्धातली आहे. १९ डिसेंबर १९४१ च्या पहाटे इटलीच्या नौदलाचे सहा जण पाण्याखालून चालणाऱ्या तीन संथ वाहनांवर स्वार होऊन अलेक्झांड्रिया बंदरात घुसले आणि ‘क्वीन एलिझाबेथ’ व ‘व्हॅलियंट’ या ब्रिटिश युद्धनौकांखाली त्यांनी स्फोट घडवले. युद्धानंतर असली यंत्रं लहान झाली आणि हौशी पाणबुड्यांच्या हातात आली. उघड्या समुद्रात ती मौजेची वस्तू आहे. बंद पडली तर सोडून द्या आणि सावकाश वर या. गुहेत तसं करता येत नाही. डोक्यावर खडक असतो. आत आला त्याच वाटेनं बाहेर जायचं, दुसरी वाट बहुधा नसते.

अमेरिकेत फ्लोरिडाच्या चुनखडीत अशा पाण्यानं भरलेल्या गुहांचं जाळं आहे, मेक्सिकोच्या युकातानमध्येही आहे. फ्लोरिडात अपघात इतके झाले की शेक एक्स्ली या पाणबुड्यानं त्यांची कारणं तपासून १९७९ मध्ये ‘बेसिक केव्ह डायव्हिंग’ हे पुस्तक लिहिलं. कारणं थोडीच होती, पण पुन्हा पुन्हा तीच. बाहेरपर्यंत सलग दोरी न टाकणं, परतीसाठी हवा न राखणं, झेपेल त्याहून खोल जाणं. त्यातून एक-तृतीयांशाचा नियम रूढ झाला. एक भाग हवा आत जायला, एक बाहेर यायला आणि एक राखीव. तो राखीव भाग म्हणजे पाणबुड्याचा मृतसाठा. साथीदाराची हवा संपली, दोरी हरवली, गाळ उठला, तरच त्याला हात लावायचा. खुद्द एक्स्लीही १९९४ मध्ये मेक्सिकोतल्या साकातोन या अतिखोल डोहात उतरताना गेला.

हा नियम पोहणाऱ्या माणसाच्या चालीवर बेतलेला होता. स्कूटर आली आणि हिशेब बिघडला. कसा, ते मांडून पाहू. आकडे समजण्यापुरते घेतले आहेत. पाणबुड्या पोहत मिनिटाला १५ मीटर जातो, स्कूटरवर ४५ मीटर. टाक्यांत ६० मिनिटांची हवा आहे. नियमाप्रमाणे तो २० मिनिटं आत गेला, म्हणजे ९०० मीटर. तिथं स्कूटर बंद पडली. आता उरली ४० मिनिटांची हवा आणि पोहून बाहेर यायला लागणार ६० मिनिटं. एक भाग हवा राखीव ठेवूनही तो वीस मिनिटांनी कमी पडतो. शिवाय घाबरलेला, हातपाय मारणारा माणूस हवा जास्त ओढतो, ते वेगळंच.

तोच हिशेब उलटा केला तर? पोहत परत यायचं धरून आणि तिसरा भाग शाबूत ठेवून गणित केलं, तर त्याला दहाव्या मिनिटाला, ४५० मीटरवर मागं फिरायला हवं. त्या वेळी टाकीतली सहापैकी पाच भाग हवा तशीच असते. काटा जवळजवळ भरलेला, बॅटरी ताजी, समोर स्वच्छ पाण्याचा बोगदा, आणि तरीही फिरायचं. प्रशिक्षणाचा कस इथं लागतो. याहून पुढे जायचं तर जास्तीच्या टाक्या आधी वाटेत ठेवाव्या लागतात, किंवा दुसरी स्कूटर मागे ओढत न्यावी लागते.

म्हणूनच हा अभ्यासक्रम नवख्याला मिळत नाही. आधी गुहेतल्या डायव्हिंगचं पूर्ण शिक्षण, मग त्याचा सराव, मग स्कूटर. सुरुवात उघड्या पाण्यात होते. सरळ जाणं, वळणं, एका हातानं यंत्र धरून दुसऱ्या हातानं हवेचा काटा वाचणं, टॉर्चच्या खुणांनी साथीदाराशी बोलणं. प्रकाशाचं संथ वर्तुळ म्हणजे ठीक आहे, घाईघाईनं हलणारा प्रकाश म्हणजे संकट. वर-खाली जाण्याचा वेगही सांभाळावा लागतो. यंत्राच्या जोरावर माणूस कानांचा दाब सुटायच्या आत खोल जाऊ शकतो आणि तितक्याच झपाट्यानं वर येऊन जीव धोक्यात घालू शकतो.

मग गुहा. पंख्याचा झोत तळावर पडला की गाळ उसळतो आणि मागून येणाऱ्याला स्वतःचा हात दिसेनासा होतो. म्हणून पंख्याचा रोख कुठे आहे याचं भान सतत ठेवावं लागतं. वाट दाखवणारी दोरी नजरेआड होऊ द्यायची नाही, पण पंख्याच्या आसपासही येऊ द्यायची नाही. पात्यांत ती गुंडाळली गेली तर यंत्र गेलं आणि बाहेरची वाटही गेली. वाट अरुंद झाली की स्कूटर तिथंच अडकवून ठेवून पुढे पोहत जायचं.

यानंतर बिघाडांची उजळणी. स्कूटर बंद पडली, साथीदारानं ओढत न्यायचं. स्कूटर बंद पडली आणि हवाही संपली, तर साथीदाराच्या सुमारे दोन मीटर लांब नळीनं श्वास घेत त्याच्यामागे ओढलं जायचं. खटका अडकला आणि मोटार थांबतच नाही, तर पहिलं लक्ष दोरीकडे, मग यंत्राकडे. स्कूटरमध्ये पाणी शिरून ती जड झाली, तर हजारो रुपयांचा नाही, लाखांचा ऐवज तिथंच सोडून निघायचं. शिवाय काठावरचा गृहपाठ असतोच. बॅटरी प्रत्यक्षात किती मिनिटं चालते, हे टाकीत नाहीतर तलावात चालवून मोजायचं. कंपनीच्या कागदावरचा आकडा धरायचा नाही.

या शिस्तीतून काय साधतं, ते डिसेंबर २००७ मध्ये दिसलं. जॅरॉड जाब्लॉन्स्की आणि केसी मॅकिन्ले हे दोघं फ्लोरिडात टर्नर सिंक इथं पाण्यात शिरले आणि सुमारे ११ किलोमीटरची भुयारी वाट कापून वकुला झऱ्यातून बाहेर पडले. खोली साधारण ९० मीटर. स्कूटरशिवाय हा प्रवास अशक्यच होता. पण प्रवासाला लागले त्याच्या साधारण दुप्पट तास त्यांना शेवटी टप्प्याटप्प्यानं वर येण्यात घालवावे लागले. आणि त्यामागे या वाटेचा एकेक तुकडा तपासण्यात गेलेली कित्येक वर्षं होती.

महाराष्ट्रात असल्या गुहा नाहीत. दख्खनचा काळा पाषाण चुनखडीसारखा विरघळत नाही. छताखालच्या पाण्याशी मराठी माणसाचा संबंध आला तो पंपांमुळे. २०१८ मध्ये थायलंडच्या थाम लुआंग गुहेत बारा मुलं आणि त्यांचा प्रशिक्षक अडकले, तेव्हा पाणी उपसण्याच्या कामात सल्ला द्यायला पंप बनवणाऱ्या किर्लोस्कर ब्रदर्सची माणसं तिथं पोचली होती. त्याच वर्षी डिसेंबरात मेघालयातल्या क्सानच्या कोळसा खाणीत पाणी घुसलं, तेव्हा नौदलाच्या पाणबुड्यांनी दोरीला बांधलेलं, कॅमेरा लावलेलं यंत्र आत सोडलं.

उजनीत ही स्कूटर चालवायची म्हटलं तर? पाणी हिरवं. पुणे-पिंपरीकडून येणाऱ्या सांडपाण्यावर शेवाळ पोसलेलं. हातभर अंतरावरचं दिसायची मारामार. तळाशी बुडालेल्या बाभळी, जुन्या भिंती, तुटकी जाळी, मोटारींचे पाइप. पंख्यात काय अडकेल याचा नेम नाही. इथं शोध घ्यायचा तर चाचपतच. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी कुगावहून समोरच्या काठावरच्या कळाशीकडे निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली. एकजण पोहून काठाला लागला, सहा जण गेले. एनडीआरएफच्या जवानांना आणि स्थानिक मच्छीमारांना याच गढूळ पाण्यात शोध घ्यावा लागला.

म्हणून ते यंत्र इथं आणण्यात अर्थ नाही, त्याची शिस्त मात्र आणावी. कुगावहून इंदापूर तालुक्यात रस्त्यानं जायचं तर भलामोठा वळसा, पाण्यावरून मात्र समोरचा काठ दिसतो. इंजिनामुळे तो आणखी जवळ वाटायला लागतो. पण बोटीचा पल्ला इंजिनावरून ठरवायचा नसतो. भर पाण्यात इंजिन बंद पडलं किंवा वारा सुटला, तर बोटीतली माणसं कशाच्या जोरावर काठाला लागतील, त्यावरून तो ठरवायचा. वल्ही बोटीत आहेत का, माणशी लाइफ जॅकेट आहे का आणि ते बसायच्या आधी अंगात चढवलंय का, आभाळ भरलं असताना ‘आता निघायचं नाही’ म्हणायचा अधिकार नावाड्याला आहे का, हे तीन प्रश्न काठावरच सुटले पाहिजेत. शिरसोडी-कुगाव पूल झाला की माणसांची ये-जा त्यावरून होईल. चिलापी मासे धरणारे आणि भिगवण-कुंभारगावला पर्यटकांना रोहित पक्षी दाखवणारे नावाडी मात्र पाण्यावरच राहणार. त्यांच्यासाठी वर्षातून एकदा, पावसाळी वारे सुटायच्या आधी, बोट मुद्दाम बंद पाडून घेतलेला एक दिवसाचा सराव गावोगाव सुरू करता येईल. त्याला लाखांची स्कूटर लागत नाही. दोन वल्ही, पुरेशी जॅकेटं आणि पाणी ओळखणारा एक जुना मच्छीमार एवढं पुरे.