चित्रं बघायला पैसे पडत नाहीत

मुंबईत फुकट काही मिळत नाही असं म्हणणाऱ्याला एखाद्या मंगळवारी काळा घोड्याला न्यावं. तिथल्या जहांगीर आर्ट गॅलरीतली बहुतेक प्रदर्शनं मंगळवारी सुरू होतात आणि सोमवारी उतरतात. म्हणजे दर आठवड्याला भिंती नव्या. सकाळी अकरा ते संध्याकाळी सात या वेळात कुणीही आत जावं, तिकीट विचारायला कुणी नाही. सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून १९५२ साली ही वास्तू उभी राहिली, तेव्हापासून शहरातल्या चित्रकारांचा हा हक्काचा पत्ता आहे.

मग खर्च भरतं कोण? जहांगीरमध्ये दालनाचं भाडं चित्रकार भरतो, आणि तारीख मिळावी म्हणून कित्येक वर्षं थांबतो. त्यामुळे त्याला प्रेक्षक हवाच असतो. कोपऱ्यातल्या टेबलाशी बसलेला माणूस बहुधा तोच. ‘याचा अर्थ काय?’ असं विचारलं की तो अवघडतो. ‘हा पोत कसा आणलात?’ विचारा, तो उठून चित्रापाशी येईल.

काही कळलं नाही तरी बिघडत नाही. १९९२ मध्ये चित्रकार एम. एफ. हुसेन यांनी जहांगीरमध्येच ‘श्वेतांबरी’ हे प्रदर्शन मांडलं, तेव्हा दालनात पांढरं कापड आणि जमिनीवर वर्तमानपत्रांचे कागद होते. चित्रं बघायला आलेले चक्रावले, आणि त्यावर वाद झडले.

खासगी गॅलऱ्यांचं गणित वेगळं. त्यांचं पोट विक्रीतल्या वाट्यावर चालतं, म्हणून नुसतं बघणाऱ्याकडून त्या काही घेत नाहीत. केकू गांधी यांनी १९६३ मध्ये जहांगीरच्याच पहिल्या मजल्यावर ‘केमोल्ड’ सुरू केली. २००७ मध्ये ती फोर्टात प्रेस्कॉट रोडला गेली. कुलाब्यातली ‘प्रोजेक्ट ८८’ जुन्या छापखान्याच्या जागेत आहे. अशा ठिकाणी जुना जिना, बंद दार, बेल आणि आतली शांतता बघून माणूस खालूनच परततो. परतू नये. बेल वाजवावी, माहितीपत्रक मागून घ्यावं. विकत घेणार का, असं कुणी विचारत नाही. चित्राशेजारी लाल टिकली दिसली तर ते विकलं गेलंय एवढंच समजावं. बहुतेक खासगी गॅलऱ्या रविवारी बंद असतात, तेव्हा शनिवार बरा.

१८५७ साली सुरू झालेल्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये वर्षातून एकदा विद्यार्थ्यांचं प्रदर्शन भरतं. उद्याची नावं तिथे आजच दिसतात. जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमाराचा काळा घोडा महोत्सव १९९९ पासून फुकट आहे, पण शनिवार-रविवारी तिथे चित्रांपेक्षा सेल्फीवाले जास्त. मधल्या वारी जावं. जहांगीरजवळच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाला मात्र तिकीट आहे.

एका दिवसात सगळं उरकायला जाऊ नका. दोन प्रदर्शनं पुरेत. पहिली फेरी शीर्षकं न वाचता मारा, मग थांबवणाऱ्या एकाच चित्रासमोर दहा मिनिटं उभे राहा. आधी लांबून, मग जवळून. निघताना टेबलावरच्या अभिप्राय वहीत ‘खूप छान, शुभेच्छा’ लिहू नका. तसं सगळेच लिहितात. कोणतं चित्र आवडलं आणि का, हे दोन ओळींत लिहा. भाडं भरून बसलेल्या चित्रकाराला त्या ओळींचा उपयोग आहे.