बंदूक खाली न ठेवलेला माणूस

निसर्गरक्षक झालेल्या शिकाऱ्याची गोष्ट आपल्याला एकाच साच्यात ऐकायची सवय आहे. तो भरपूर मारतो, एके दिवशी मरणाऱ्या जनावराच्या डोळ्यांत पाहतो, त्याचं मन पालटतं आणि बंदूक कायमची खुंटीला लागते. वाल्याचा वाल्मीकी झालेला आपल्याला मनापासून आवडतो. अल्डो लिओपोल्ड या अमेरिकी वनाधिकाऱ्याचं आयुष्यही बरेचदा असंच सांगितलं जातं. प्रत्यक्षात मन पालटल्यावरही तो आयुष्यभर बदकं, तित्तरवर्गी पक्षी आणि हरणं यांच्या मागे रान तुडवत राहिला. अमेरिकेतली वन्यजीव व्यवस्थापनाची विद्याशाखा त्याने उभी केली ती शिकारीच्या अनुभवावरच. म्हणून त्याचा शिकारी भूतकाळ मला झाकून ठेवावासा वाटत नाही. त्याच्या विचाराची मुळं तिथेच आहेत.

लिओपोल्डचा जन्म ११ जानेवारी १८८७ चा, आयोवा राज्यातल्या बर्लिंग्टनचा. गाव मिसिसिपी नदीच्या काठी. उत्तर-दक्षिण ये-जा करणारी बदकं आणि हंस या नदीच्या वाटेनेच जायचे. वडील कार्ल यांचा लिहिण्याची मेजं बनवण्याचा कारखाना होता आणि सुट्टीच्या दिवशी मुलांना घेऊन दलदलीत जायचा त्यांचा परिपाठ होता. तो काळ बाजारासाठी पक्षी मारणाऱ्यांचा. पोत्यांनी पक्षी शहरात जायचे आणि हॉटेलांच्या ताटात पडायचे. एकेकाळी आभाळ झाकून टाकणाऱ्या प्रवासी कबुतरांच्या जातीतली शेवटची मादी सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात १९१४ मध्ये मेली, यावरून त्या कत्तलीचा अंदाज यावा. कायद्याचा धाक जवळजवळ नव्हता. तरीही वसंतात घरटी करायला उत्तरेकडे निघालेल्या बदकांवर बार टाकणं कार्ल यांनी आपणहून बंद केलं होतं. स्थलांतरित पक्ष्यांना संरक्षण देणारा देशव्यापी कायदा पक्का झाला १९१८ मध्ये. या घरात तो आधीपासून पाळला जात होता.

मुलाच्या हातात एकनळी बंदूक देतानाही वडिलांनी अट घातली. ग्राउझ हा रानातला तित्तरासारखा पक्षी मारायला परवानगी होती, पण झाडावर बसलेला मारायचा नाही. उडता असेल तरच. या अटीचं मोल समजून घ्यायला हवं. कुत्र्याने हुसकावलं की हा पक्षी फांदीवर जाऊन निमूट बसतो आणि तिथे नेम चुकणं अवघड. उडाला की मात्र झाडांच्या गर्दीतून क्षणात दिसेनासा होतो. लिओपोल्डचा कुत्रा पक्षी झाडावर चढवण्यात तरबेज होता, म्हणजे मोह रोजचाच. हाताशी आलेला पक्षी सोडून निसटणाऱ्यावर फुकट जाणारे बार काढत तो मुलगा हिंडत राहिला. अखेर एक उडता ग्राउझ त्याने पाडला. पुढे लिहिताना त्याला त्या क्षणाची आठवण आली ती भोवतालच्या झाडोऱ्यासकट: जमिनीलगत कुठे लाल फळांचे झुबके होते, कुठे निळी अ‍ॅस्टरची फुलं होती, हे त्याला जागच्या जागी दाखवता आलं असतं. त्या फळाफुलांवरचं आपलं प्रेम त्या दिवसापासूनचं असावं, असं तो स्वतःच म्हणतो.

येल विद्यापीठातून वनशास्त्राची पदवी घेऊन १९०९ मध्ये तो अ‍ॅरिझोनातल्या अपाची राष्ट्रीय वनात रुजू झाला. इथे सार्वजनिक जमिनीबद्दल सांगायला हवं, कारण मराठी वाचकाला हा प्रकार परका आहे. आपल्याकडे आदिवासींची पारध सोडली तर शिकारीचं रान म्हणजे संस्थानिकांचं राखीव रान. कोल्हापूरच्या छत्रपतींच्या शिकारीचं दाजीपूरचं जंगल १९५८ मध्ये अभयारण्य झालं. युरोपातही जमीनदाराच्या रानात कुळाला मज्जाव असे. अमेरिकेत रानटी जनावर कुणाच्याच मालकीचं नाही. राज्य फक्त विश्वस्त. त्यात केंद्र सरकारच्या ताब्यातली अफाट जमीन. नुसती राष्ट्रीय वनंच आज १९ कोटी एकरांहून जास्त आहेत. राज्याचा परवाना काढला आणि हंगाम पाळला, तर कारखान्यातला कामगारही यातल्या बहुतेक रानांत शिरू शकतो. तिथे ना जमीनदार, ना त्याचा रखवालदार. मैलोगणिक चिटपाखरू नसलेल्या रानात शिकाऱ्याला पाहणारं कुणी नसतं. वाहवा करणारा प्रेक्षक नाही आणि बोट दाखवणाराही नाही, त्यामुळे तो कसा वागतो हे त्याचं त्यालाच ठरवावं लागतं, ही गोष्ट लिओपोल्डला फार महत्त्वाची वाटे. वडिलांनी झाडावरच्या पक्ष्याबद्दल घातलेली अट याच ठिकाणी कामाला येते.

याच नोकरीच्या पहिल्या वर्षातली लांडगिणीची गोष्ट. कड्यावर जेवायला बसलेल्या लिओपोल्ड आणि त्याच्या सोबतच्या वनवाल्यांनी खाली नदी ओलांडून आलेल्या लांडग्यांवर गोळ्या झाडल्या. खाली उतरून पाहतात तो म्हातारी लांडगीण शेवटच्या घटका मोजत होती. तिच्या डोळ्यांतला विझत जाणारा हिरवा प्रकाश लिओपोल्डने नंतर लिहून ठेवला आणि तो प्रसंग जगभर गाजला. पण हे लिहिलं १९४४ मध्ये, तब्बल पस्तीस वर्षांनी. त्या दिवशी त्याचं मत तसूभरही बदललं नव्हतं. पुढे कित्येक वर्षं न्यू मेक्सिकोत शिकाऱ्यांच्या संघटना बांधताना तो लांडगे आणि पहाडी सिंह पार निपटून काढा, असंच सांगत होता. हिशेब सरळ होता: लांडगे कमी, तर हरणं जास्त. त्याच्या संघटनकार्यासाठी थिओडोर रूझवेल्टनी १९१७ मध्ये त्याला पत्र लिहून शाबासकी दिली होती.

त्याच काळात त्याच्या डोक्यात दुसरा विचार घोळत होता. मोटारी आणि रस्ते प्रत्येक राष्ट्रीय वनात घुसत होते. १९२१ मध्ये त्याने अस्पर्श रानाची व्याख्या मांडली ती शिकाऱ्याच्याच मापाने: घोड्या-खेचरांवर सामान लादून दोन आठवड्यांची फेरी करता येईल एवढं मोठं, रस्ते नसलेलं आणि कायदेशीर शिकारीला खुलं. न्यू मेक्सिकोतलं गिला हे रान ३ जून १९२४ रोजी याच कल्पनेनुसार राखून ठेवलं गेलं. जगातलं अशा प्रकारचं ते पहिलं मानतात. पुढे काय झालं ते वाचताना मला वाईट वाटतं. लांडगे आणि सिंह संपवल्यावर गिलातली हरणं इतकी वाढली की ती कमी करायला शिकारी पोचावेत म्हणून त्याच रानाच्या मधून रस्ता काढावा लागला. स्वतःच्याच एका सल्ल्याने स्वतःचं दुसरं काम चिरलं गेल्याचं लिओपोल्डने पाहिलं.

यानंतरची नोकरी विस्कॉन्सिनमधली. तिथे १९३३ मध्ये त्याचा 'गेम मॅनेजमेंट' हा ग्रंथ आला आणि त्याच वर्षी विद्यापीठात या विषयाचं देशातलं पहिलं प्राध्यापकपद त्याला मिळालं. कुऱ्हाड, नांगर, गाय, आग आणि बंदूक यांनी रानातलं जनावर संपवलं; डोकं वापरलं तर हीच साधनं ते परत आणतील, ही त्याची मांडणी. पैशाची बाजूही शिकाऱ्यांवरच उभी राहिली. १९३४ पासून बदकांच्या शिकाऱ्याला दरवर्षी केंद्राचं खास तिकीट विकत घ्यावं लागतं आणि त्या पैशातून पाणथळ जागा घेतल्या जातात. १९३७ च्या कायद्याने बंदुका-काडतुसांवरचा कर राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे वळवला. हे दोन्ही मार्ग आजही चालू आहेत.

त्याची खरी कसोटी लागली हरणांवरून. उत्तर विस्कॉन्सिनमध्ये १९४० च्या सुमारास हरणं बेसुमार झाली होती. हिवाळ्यात बर्फ साचला की ती दाट झाडीच्या आडोशाला एकत्र जमतात आणि तोंड पोचेल तेवढा पाला ओरबाडतात. अशा रानात सगळ्या झाडांचा पाला एका उंचीपर्यंत साफ झालेला दिसतो, जणू कुणी दोरी धरून कापला असावा. मोठं हरीण मागच्या पायांवर उभं राहून आणखी थोडं खातं. पाडसाचं तोंड तिथवर पोचत नाही, म्हणून पहिली मरतात ती पाडसं. मेलेल्या पाडसाचं मांडीचं हाड फोडलं की उपासमार कळते: धडधाकट जनावराचा मगज पांढरा, घट्ट चरबीचा असतो, उपाशी मेलेल्याचा लालसर आणि लिबलिबीत.

उपाय एकच दिसत होता: माद्यांचीही शिकार. पण फक्त शिंगवाला नर मारायचा, मादीला हात लावायचा नाही, हा तिथल्या शिकाऱ्यांचा दंडक होता आणि तोच त्यांना खानदानीपणा वाटे. राज्याच्या निसर्गसंरक्षण आयोगाचा सदस्य म्हणून लिओपोल्ड दंडकाविरुद्ध उभा राहिला. १९४३ च्या हंगामात आधी नरांची आणि मग माद्या-पाडसांची अशी शिकार झाली. सव्वा लाखाहून अधिक हरणं पडली. लोक खवळले. त्याच्याविरुद्ध खास वर्तमानपत्र निघालं. त्यानंतर तो जिवंत असेपर्यंत राज्याने पुन्हा माद्यांचा हंगाम काढला नाही. लांडगिणीचा लेख त्याने लिहिला तो या वादळात, एका विद्यार्थ्याने स्वतःच्या चुकाही मांडा म्हणून टोचल्यावर. तो लेख शिकारीला दिलेला निरोप मुळीच नाही. लांडगा नसलेला डोंगर हरणांना घाबरून जगतो, हे त्याला सांगायचं होतं. माणसाची बंदूक लांडग्याची जागा अर्धीमुर्धीच भरते, हेही त्यातून आलंच.

एवढ्या वादात त्याचे शनिवार-रविवार मात्र विस्कॉन्सिन नदीकाठच्या एका उजाड शेतावर जात. १९३५ मध्ये ते शेत घेतलं तेव्हा बायको आणि पाच मुलांसकट राहायला तिथे कोंबड्यांचा एक खुराडाच शिल्लक होता. त्यांनी तिथे हजारो पाइन लावले. वसंतात संध्याकाळी पाणलाव्याच्या जातीतला वुडकॉक नर आभाळात गिरक्या घेत चढतो, ते पाहायला सारं घर बाहेर बसे. शरदात त्याच वुडकॉकवर लिओपोल्ड बार टाकत असे. पण एक-दोनवर थांबत असे, एप्रिलमध्ये नाचायला पुरेसे उरावेत म्हणून. परवाना याहून जास्त मारू देत होता.

आपल्याकडे सालिम अलींचीही सुरुवात छर्‍याच्या बंदुकीने पाडलेल्या पिवळ्या गळ्याच्या चिमणीपासून झाली आणि पुढेही अभ्यासासाठी पक्षी टिपणं त्यांनी चालू ठेवलं. १९७२ च्या कायद्यानंतर भारतात शिकार बंद झाली आणि आपल्या रानांची अवस्था बघता ते योग्यच झालं, असं माझं ठाम मत आहे. पण विदर्भात रोही आणि रानडुकरांपायी रात्र रात्र जागल करणाऱ्या शेतकऱ्याचा प्रश्न निघाला की 'मारा' आणि 'मुळीच मारू नका' या दोन आरोळ्यांपलीकडे आपली चर्चा जात नाही. रानात खायला किती, जनावरं किती, त्यांना खाणारं कोण उरलंय, हे विस्कॉन्सिनमधले साधे प्रश्न आपण विचारतच नाही.

२१ एप्रिल १९४८ रोजी शेजाऱ्याच्या शेतातला वणवा विझवताना लिओपोल्ड हृदयविकाराने गेला. 'अ सँड काउंटी अल्मनॅक' हे त्याचं पुस्तक पुढच्या वर्षी प्रसिद्ध झालं. इंग्रजी वाचत असाल तर ते जरूर मिळवा. त्यातली लांडगिणीची पानं सगळेच वाचतात. तुम्ही आधी ऑक्टोबरचं प्रकरण वाचा. त्यात तो हातात बंदूक घेऊन कुत्र्यामागे चाललेला भेटतो.