एएमएचचा आकडा आणि स्त्रीबीजाचा दर्जा

रक्ततपासणीत एएमएच (अँटी-म्युलेरियन हॉर्मोन) कमी आले म्हणजे स्त्रीबीजे खराब, हा वंध्यत्वाच्या उपचारांत सर्वांत खोल रुजलेला गैरसमज आहे. खानदेशातून येऊन सुरतच्या पर्वत पाटिया, लिंबायत, उधना भागांत स्थिरावलेल्या मराठी घरांतही रिपोर्टावरचा एक आकडा सुनेचा दोष ठरू शकतो. हा सरळ अन्याय आहे.

एएमएच हे संप्रेरक बीजांडकोशातल्या लहान पुटिकांमधल्या (फॉलिकल) पेशी बनवतात. त्यावरून बीजे साधारण किती शिल्लक आहेत आणि आयव्हीएफच्या इंजेक्शनांनी किती हाती लागतील, याचा अंदाज येतो. सोनोग्राफीत मोजलेल्या पुटिकाही तेवढेच सांगतात. बीज कसे आहे, हे दोन्हींतून कळत नाही. पीसीओएसमध्ये एएमएच बहुधा जास्त असते, पण म्हणून बीजे उत्तम ठरत नाहीत. गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना आकडा कमीही येऊ शकतो. वंध्यत्वाचा इतिहास नसलेल्या, ३० ते ४४ वयाच्या सुमारे ७५० अमेरिकी स्त्रियांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. एएमएच कमी असलेल्यांना नैसर्गिकरीत्या दिवस राहण्याची शक्यता त्यात कमी आढळली नाही.

दर्जा ठरतो मुख्यतः गुणसूत्रांवर. मुलगी आईच्या पोटात असतानाच तिची बीजे तयार होतात आणि विभाजन अर्ध्यावर थांबवून वर्षानुवर्षे तशीच राहतात. गुणसूत्रांना जोडून ठेवणारी प्रथिने दरम्यान झिजतात, आणि पुढे विभाजन सुरू झाले की वाटणी चुकते. पस्तिशीनंतर या चुका वाढतात, चाळिशीनंतर झपाट्याने. म्हणूनच स्त्रीचे वय हाच आजही सर्वांत भरवशाचा निर्देशक आहे. भारतातल्या २०२१ च्या साहाय्यित प्रजनन कायद्यानेही बीजदात्रीचे वय २३ ते ३५ असेच ठेवले आहे.

सूक्ष्मदर्शकाखाली सुबक दिसणारे बीज निर्दोषच, हाही भ्रम. इक्सीपूर्वी, म्हणजे पुरुषबीज सुईने थेट स्त्रीबीजात सोडण्यापूर्वी, एम्ब्रियोलॉजिस्ट बीजाभोवतीच्या पेशी सोडवतो. मग मिलिमीटरच्या जेमतेम दहाव्या भागाएवढ्या त्या गोलाच्या कडेला ध्रुवपिंड नावाचा इवलासा ठिपका दिसतो. तो दिसला की बीज पक्व झाले एवढेच कळते. गुणसूत्रांची संख्या दिसत नाही. भोवतीच्या पेशींतली जनुके, पुटिकेतला द्रव, मायटोकॉन्ड्रिया यांवर संशोधन चालू आहे, पण रोजच्या उपचारात विसंबावे अशी खूण त्यांतून अजून मिळालेली नाही. गर्भाची जनुकीय तपासणी गर्भाबद्दल सांगते, आणि गर्भात पुरुषबीजाचाही वाटा असतो.

कोएन्झाइम क्यू-१० सारख्या गोळ्यांनी बीजे सुधारतात, याला पुरेसा आधार नाही. धूम्रपानाने नुकसान होते, हे मात्र पक्के आहे. आणि पत्नीच्या एएमएचसोबत पतीची वीर्यतपासणीही सुरुवातीलाच व्हायला हवी.