विहिरीचा तळ वर येतो तेव्हा

टिंग, टिंग... आणि मग शांतता. गॅरेजमधला हा आवाज एकदा ऐकलेला माणूस तो विसरत नाही. स्पार्क प्लग काढून ठेवलेला असतो, शेजारचा एखादा स्क्रू सोडवायचा असतो, आणि स्क्रू ड्रायव्हरचा बिट बोटांतून निसटून नेमका प्लगच्या भोकात जातो. भोक बहुतेक मोटारींत १४ मिलिमीटरचं. बिट २५ मिलिमीटर लांब आणि सव्वासहा मिलिमीटर जाड. शंभरेक किलोचं इंजिन आता करंगळीच्या पेराएवढ्या पोलादापुढे अडून बसतं.

जाणता मेस्त्री आधी गाडीची किल्ली काढून खिशात टाकतो. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेतं तेव्हा प्रत्येक पिस्टन सेकंदाला ५० वेळा वर येतो आणि ५० वेळा खाली जातो. त्याची धाव ८० मिलिमीटरची धरली, तर सरासरी वेग ताशी २९ किलोमीटर भरतो. एवढ्या वेगाने वर येणारा पिस्टन शेवटी हेडजवळ थांबतो, तेव्हा अनेक इंजिनांत त्याच्या कडेशी जेमतेम मिलिमीटरभर फट उरते. आत बिट असताना स्टार्टर एकदा जरी फिरला, तरी पिस्टनला खड्डा पडू शकतो, व्हॉल्व्ह वाकू शकतो.

गावाकडे पोहरा विहिरीत पडला की गळ सोडतात. दोर हलवत, आकड्यात काही अडकल्याचं हाताला जाणवेपर्यंत तळ चाचपतात. सिलिंडर हीसुद्धा एक अरुंद, अंधारी विहीरच, आणि इथला गळ म्हणजे बारीक दांडीच्या टोकाला बसवलेलं लोहचुंबक. पण ते आत सोडलं की लगेच भिंतीला चिकटतं, कारण सिलिंडरची आतली भिंत बहुधा बिडाची असते. यावरचा उपाय साधा आहे. दांडीवर प्लॅस्टिकची नळी चढवायची आणि चुंबकाचं फक्त टोक बाहेर ठेवायचं. मोटारींत पिस्टन सहसा ॲल्युमिनियमचा असतो. चुंबक त्याला चिकटत नाही, त्यामुळे तळाशी पोचल्यावर ओढायला समोर एकटा बिटच उरतो. मात्र पडलेली वस्तू पितळेची किंवा ॲल्युमिनियमची वॉशर असेल, तर चुंबक हतबल. बऱ्याच प्रकारचं स्टेनलेस स्टीलही त्याला दाद देत नाही. त्यात लोखंड भरपूर असूनही त्याच्या अणूंची रचना वेगळी असते. अशा वेळी बारीक चिमटा, काडीच्या टोकाला लावलेलं घट्ट ग्रीस किंवा व्हॅक्यूमची नळी कामी येते.

या विहिरीची मला सर्वांत अद्भुत वाटणारी गोष्ट म्हणजे तिचा तळ वर आणता येतो! पिस्टन हाच तळ. क्रँकच्या नटाला पाना लावून इंजिन हाताने, अगदी सावकाश फिरवलं की वस्तू पिस्टनवर बसून भोकाच्या दिशेने वर येते. त्यासाठी घटका नेमकी निवडावी लागते. कॉम्प्रेशनच्या धावेत व्हॉल्व्ह मिटल्यावर आतले दोन्ही दरवाजे बंद असतात, म्हणून बिट भलत्या वाटेने निसटत नाही. फट अरुंद होण्याच्या खूप आधी मात्र हात थांबलाच पाहिजे.

आत डोकावायला आता मोबाइलला जोडता येणारा बारीक कॅमेरा मिळतो. त्याचा पूर्वज म्हणजे बोअरोस्कोप. १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत जॉर्ज क्रॅम्प्टन यांनी तो वाफेच्या टर्बाइनचा रोटर आतून तपासण्यासाठी घडवला. हे क्रॅम्प्टन डोळ्यांचे डॉक्टर होते. यंत्राच्या पोटात बघण्याची दृष्टी एका नेत्रतज्ज्ञाने दिली, हे वाचलं तेव्हा मी कितीतरी वेळ त्याच विचारात होतो.

पण डोळा कितीही तीक्ष्ण असला तरी मोजदाद चुकवून चालत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये लॉस एंजेलिसला क्वांटास या विमान कंपनीच्या ए३८० विमानाच्या इंजिनाची बोअरोस्कोपने तपासणी झाली. त्या वेळी इंजिनाचा आतला भाग हाताने फिरवण्यासाठी वापरलेलं सव्वा मीटर लांबीचं नायलॉनचं हत्यार आतच राहिलं. ते हरवल्याचं लक्षात येऊनही विमान सोडलं गेलं. पुढच्या तपासणीत, १ जानेवारी २०२४ रोजी ते सापडलं. तोवर विमानाची ३४ उड्डाणं झाली होती आणि ते २९४ तास हवेत राहिलं होतं.

म्हणूनच विमानाच्या कामात प्रत्येक पान्याला त्याच्याच आकाराचा खाचा दिलेला असतो. खाचा रिकामा दिसला की काम तिथेच थांबायला हवं. आपल्या गॅरेजात असा खाचा नसतो. तिथे जुना मेस्त्री प्लग काढल्याबरोबर भोकात स्वच्छ फडक्याचा बोळा खोचतो, आणि बोनेट लावण्याआधी सतरंजीवर मांडलेली हत्यारं एकेक करून बोटाने मोजतो. पोटात काही राहिलं तर इंजिनाला ते सांगता येत नाही, म्हणून तेवढी मोजणी त्याच्या वतीने तो करतो.