काजळीत लपलेला तारा

हेडफोन लावलेत? आज बोलूया अशा एका ताऱ्याबद्दल, जो डोळ्यांना दिसतच नाही.

सिंह राशीतला मघा तारा शोधा. हात लांब करून मधली तीन बोटं जुळवा. मघेच्या पश्चिमेला साधारण तेवढ्याच अंतरावर आहे सीडब्ल्यू लिओनिस. आपल्यापासून सुमारे ४०० प्रकाशवर्षं दूर. तिथे बघाल तर नुसता अंधार. पण १९६९ साली एरिक बेकलिन आणि सहकाऱ्यांनी त्याच्याबद्दल लिहिलं, तेव्हा ५ मायक्रॉनच्या अवरक्त प्रकाशात तो सूर्यमालेबाहेरचा माहीत असलेला सगळ्यात तेजस्वी स्रोत होता. डोळ्यांना शून्य, अवरक्त दुर्बिणीला झगझगीत. असं का?

कंदिलाची वात जास्त वर केली तर काय होतं? काच काजळते. उजेड अडतो, पण काचेला हात लावा, चटका बसतोच. इथेही तेच. ताऱ्याभोवतीची धूळ त्याचा प्रकाश गिळते, तापते आणि ती उष्णता अवरक्त रूपात बाहेर टाकते.

आता ही काजळी आली कुठून? हा म्हातारा, फुगलेला तारा आहे. त्याच्या पोटात हेलियमपासून कार्बन बनला आणि ढवळून पृष्ठभागावर आला. पुढचं लॉजिक अगदी इफ-एल्ससारखं. कार्बन आणि ऑक्सिजन जोडी जमवून कार्बन मोनॉक्साइड बनवतात. ऑक्सिजन जास्त असेल तर तो उरतो आणि वाळूच्या जातीची धूळ तयार होते. कार्बन जास्त असेल तर कार्बन उरतो. मग बनते काजळी आणि सिलिकॉन कार्बाइड, म्हणजे पॉलिश पेपरवर असतो तोच कठीण पदार्थ.

शिवाय हा तारा स्थिर नाही. सुमारे ६३० दिवसांत एकदा तो फुगतो, आकसतो आणि त्याचं तेज बदलतं. प्रत्येक फुगवट्यात वायू वर ढकलला जातो, थंड होतो आणि त्यात धुळीचे कण धरतात. ताऱ्याचा प्रकाश या कणांना बाहेर रेटतो आणि कण वायूला सोबत ओढत नेतात. वेग सेकंदाला साधारण १४-१५ किलोमीटर! या ढगात आजवर ८० हून जास्त प्रकारचे रेणू सापडलेत.

मग हा माल जातो कुठे? ताऱ्यांमधल्या मोकळ्या जागेत. तिथून पुढे नव्या ताऱ्यांत आणि ग्रहांत. ही नुसती कल्पना नाही बरं का. १९६९ मध्येच ऑस्ट्रेलियातल्या मर्चिसन गावाजवळ एक उल्का पडली. तिच्यात पुढे सिलिकॉन कार्बाइडचे सूक्ष्म कण सापडले. त्यांतल्या बहुतेकांमधलं समस्थानिकांचं प्रमाण सूर्यमालेशी जुळत नाही, अशाच म्हाताऱ्या कार्बन ताऱ्यांशी जुळतं. म्हणजे सूर्य जन्मायच्या आधीच विझलेल्या ताऱ्यांची धूळ आज माणसाच्या सूक्ष्मदर्शकाखाली आहे. काही कण तर सुमारे ७ अब्ज वर्षं जुने असावेत, असा अंदाज २०२० साली मांडला गेला.

सीडब्ल्यू लिओनिस आत्ता तेच काम करतोय. आपल्या शरीरातल्या कार्बनचा मोठा वाटा असल्याच ताऱ्यांच्या भट्टीतून आलेला आहे. तेव्हा मघेशेजारचा तो अंधार रिकामा समजू नका. तिथे पुढच्या कुणासाठी तरी कच्चा माल तयार होतोय.

भेटू पुढच्या भागात!